ओल्या चिंचेचं वर्ष

लग्न होऊन मी नाशकात आले ती पंचवटीतल्या एका मोठ्या चुलीपुढे. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, तीर्थोपाध्याय होते. गावोगावचे यजमान गोदावरीच्या स्नानाला, श्राद्धाला, कुणाच्या अस्थी घेऊन आले की आमच्याकडेच उतरत. विधी मामंजी आणि आमचे हे घाटावर करत, जेवण घरी असे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. थोरले दीर मनमाडला रेल्वेत, ते सणावारी येत. त्यामुळे आल्यागेल्याच्या पानातला भात माझ्या थोरल्या जाऊबाई एकट्या शिजवत होत्या, आणि मी आल्यावर आम्ही दोघी. ही तीस सालानंतरची गोष्ट.

त्या वर्षांतलं काय आठवतं असं नातवंडं विचारतात. मी सांगते, दमणूक आणि सरपण. ती हसतात. त्यांच्या घरात शेगडीची कळ फिरवली की जाळ येतो.

माहेरी मला स्वयंपाक येत होता, पण चूल येत नव्हती. माझं माहेर येवल्याच्या बाजूचं, माळरानाचं. तिथे आम्ही तुराट्या आणि गोवऱ्या जाळत असू. तुराटी भडकते आणि संपते, गोवरी धुमसत राहते. त्या दोन्हींच्या मधलं काही मला ठाऊक नव्हतं. इथे लाकडं होती, तीही सतरा जातींची. कधी वखारीतून आणलेली, कधी पेठच्या बाजूने मोळ्या घेऊन येणाऱ्या बायकांकडून घेतलेली, कधी एखाद्या यजमानाने गाडीत भरून पाठवलेली. आलेलं प्रत्येक लाकूड चुलीत वेगळं वागे, आणि त्याच्या वागण्यावर आमचा दिवस जाई.

पहिल्याच आठवड्यात मी आंब्याचं लाकूड घालून वरण ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसले. परत आले तर चूल गार. जाऊबाई म्हणाल्या, आंब्यावर लक्ष ठेवावं लागतं, पाठ फिरवली की तो झोपतो. धूर भरपूर, राख त्याहून भरपूर, आच बेताची. पण खीर आटवायची असेल, दूध लागू द्यायचं नसेल, तर आंब्यासारखं लाकूड नाही. भाकरीला त्या बाभूळ घेत. बाभळीची साल आधी थोडा धूर करते, मग लाकूड धरतं ते धरतंच, आणि निखारा असा पडतो की सकाळचा राखेखाली झाकून ठेवला तर संध्याकाळी चूल पेटवायला काडी लागत नाही. काटे मात्र बोटांत मोडत. बोरीचंही तसंच. कडुनिंब त्या शक्यतो घेत नसत, त्याचा धूर घशात बसतो म्हणत. सालई तेल ओतल्यासारखी पेटते, भांड्याला बोटभर काजळी धरते आणि पाणी कोमट व्हायच्या आत जळून जाते. पांगारा नि शेवगा तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. सुताराकडून सागाच्या ढलप्या मिळत, त्या पेटवणाला चांगल्या. वड, पिंपळ, उंबर आमच्याकडे चुलीत जात नसत. आणि सगळ्यांत वरचा धावडा. जड, टणक, धूर जवळजवळ नाही, शांत जळणारा. धावड्याची मोळी आली की जाऊबाई ती वेगळी ठेवत आणि मोठी पंगत असेल त्या दिवशीच काढत.

हे सगळं त्यांनी मला समोर बसवून कधी सांगितलं नाही. काम करता करता एकेक वाक्य येई. त्या मुळात कमी बोलत. मला वाटे, स्वभावच तसा. पुढे कळलं की इतक्या वर्षांच्या चुलीनंतर बोलायला अंगात काही उरत नाही. एक-दोन वर्षांत मीही तशीच झाले.

आमच्या मागच्या अंगणात एक चिंच होती. मामंजींच्या आजोबांच्या वेळची असावी. एका वैशाखात दुपारी वादळ आलं आणि ती मुळासकट आडवी झाली. नशीब की गोठ्यावर पडली नाही, भिंतीवर पडली. सगळे भिंतीची हळहळ करत होते. मामंजी मात्र झाडाभोवती फिरले, बुंधा हाताने थोपटला आणि म्हणाले, "देवानेच वर्षाचं सरपण दिलं. आता वखारीचं तोंड बघायला नको."

जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि आत वळल्या. मी विचारलं, चिंच कशी जळते. त्या म्हणाल्या, "वाळली तर उत्तम. पण वाळायला दोन वर्षं घेते."

मामंजींना हे सांगायचं कुणी? सुनांनी सासऱ्यांशी समोर उभं राहून बोलायची पद्धत नव्हती. फार तर दाराआडून, विचारलं तेवढंच. मी रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, वडिलांच्या मनात आलंय तर जाळा वर्षभर, चिंच काही वाईट लाकूड नाही. ते खरंच होतं, आणि ह्यांना चुलीचं काही ठाऊक नव्हतं हेही खरं.

लाकूड फोडायला दोघे जण आले. त्यांनी आधी बुंध्यापुढे नारळ ठेवायला लावला, कारण चिंचेवर काय काय राहतं ते सगळ्यांनाच माहीत. नारळ फोडला, पण चिंच काही फुटेना. तिचे धागे एकमेकांत पीळ घातल्यासारखे असतात. कुऱ्हाड आत रुतून बसे आणि काढायला दुसरी लागे. शेवटी लोखंडी पाचरी ठोकून ठोकून त्यांनी तिची लाकडं केली. ती गोठ्याच्या आडोशाला रचली, आणि लगेच पावसाळा लागला. आभाळ इगतपुरीकडून भरून येई आणि दिवसच्या दिवस उघडत नसे. लाकडं आतून ओली होतीच, आता बाहेरूनही सादळली.

ओलं लाकूड कसं जळतं ते सांगते. ते जळतच नाही. टोकाला फेस येतो, सूं सूं आवाज येतो आणि धूर निघतो. फुंकणीने फुंकावं तोवर जाळ दिसतो, श्वास घ्यायला थांबलं की जातो. मग गोवरी घाला, ढलपी घाला, घासलेटाचा बोळा घाला. आमचं स्वयंपाकघर अंधारं, वर एक झरोका. तो धूर तिथून बाहेर जाण्याऐवजी पावसाच्या दाबाने खाली बसे. आम्ही दोघी वाकून, पदराने डोळे पुसत, आलटून पालटून फुंकत असू. मी दमले की त्या, त्या दमल्या की मी. बोलायचं काही नसे. पहाटे मामंजींच्या आंघोळीचा बंब पेटवण्यापासून हे सुरू होई आणि संध्याकाळची भांडी होईपर्यंत चाले. अंथरुणावर पडल्यावरही माझ्या केसांना तोच वास.

श्रावणात यात्रेकरू वाढले. त्याच सुमारास मला जाऊबाईंचं काहीतरी वेगळं वाटू लागलं. डोळे लाल तर दोघींचेही होते. पण त्या तांदूळ निवडताना ताट अगदी नाकाशी धरू लागल्या. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं. एकदा त्यांनी मला मोळीवाली समजून हाक मारली. मी विचारलं, तर म्हणाल्या धुरात काय दिसणार. मी तेवढ्यावर सोडून दिलं. धुरात मलाही दिसत नव्हतं.

मग एके सकाळी भात वेळताना, म्हणजे शिजलेल्या भाताचं पाणी काढताना, त्यांनी तपेलं मोरीच्या कडेला टेकवायच्या ऐवजी कडेच्या अलीकडे कलतं केलं. उकळतं पाणी सगळं त्यांच्या डाव्या पावलावर आलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी तपेलं नीट खाली ठेवलं, भात सांडू दिला नाही, आणि मग भिंतीला टेकून बसल्या. मी पावलावर गार पाणी ओतत होते तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मला कड दिसलीच नाही गं. बरेच दिवस झाले. उजव्या डोळ्याने नुसता उजेड कळतो."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय? चूल कोण बघणार?"

मामंजी मनाने वाईट नव्हते. त्यांनी लगेच टांगा मागवला आणि दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी पायाला मलम दिलं, डोळ्यांत घालायला औषध आणि धुवायला बोरिकचं पाणी दिलं आणि सांगितलं की एका डोळ्याचं काही खात्रीने सांगता येत नाही, पण दुसरा राखायचा असेल तर धूर बंद करा. मामंजींनी हे घरी येऊन ओसरीवर ह्यांना सांगितलं आणि वर म्हणाले, "धूर बंद म्हणजे चूल बंद. आलेल्या माणसाला उपाशी घालवू का?" त्यात राग नव्हता, त्यांना खरंच उपाय सुचत नव्हता.

मी दाराआड होते. तिथून म्हणाले, "चूल मी बघेन. पण लाकूड वाळलेलं आणा."

मग मामंजी ह्यांना म्हणाले, "तिला सांग, घरात एवढं पडलंय ते आधी संपू दे."

पुढे घडलं ते काही माझ्या सांगण्यामुळे घडलं नाही. जाऊबाईंचं पाऊल फोडांनी भरलेलं, त्यांना उभंही राहवत नव्हतं, आणि दोन दिवसांनी मी बाहेरची झाले. त्या काळी बाईला कावळा शिवला की तीन दिवस ती मागच्या पडवीत वेगळी बसे, कशाला शिवत नसे. एरवी आम्ही दोघी एकमेकींना सांभाळून घेत असू. आता दोघीही नव्हतो. मामंजींनी आचारी शोधला, पण श्रावणात नाशकात मोकळा आचारी कुठला मिळायला. हे घाटावर, कारण विधी थांबवता येत नव्हते. ओसरीवर वऱ्हाडातून आलेलं कुटुंब उतरलेलं, त्यांच्यात एक म्हातारी आणि दोन लेकुरवाळ्या. शेवटी मामंजींनी स्वतः सोवळं नेसलं आणि चुलीपुढे बसले.

पडवीच्या खिडकीतून मला अर्धं स्वयंपाकघर दिसत होतं. मामंजींनी चिंचेची चांगली जाडजूड लाकडं चुलीत घातली, कापूर ठेवला आणि मंत्र म्हणावा तसे वाट पाहत बसले. कापूर जळून गेला. त्यांनी पुन्हा ठेवला. मग त्यांनी फुंकणी उचलली. पहिल्या फुंकेला राखच त्यांच्या तोंडावर आली. मधल्या घरातून जाऊबाई पडल्या पडल्या सांगत होत्या, मामंजी, लाकूड थोडं मागे ओढा, खाली हवा जाऊ द्या. मी पडवीतून सांगत होते, आधी गोवरी घाला. ते सांगितलं तसं करत होते. धूर वाढला तसे ते खोकू लागले. खोकता खोकता उठून परसात आले, खांबाला धरून उभे राहिले, उपरण्याने डोळे पुसले आणि पुन्हा आत गेले. चूल विझली होती.

भात दुपार टळल्यावर झाला, आणि तोही मधे कच्चा. वऱ्हाडच्या म्हातारीने ताक घेऊन तो गिळला. मामंजी पंगतीत वाढायला फिरले तेव्हा त्यांचे डोळे इंगळासारखे झाले होते. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पहाटे बंब पेटेना, म्हणून त्यांनी गार पाण्यानेच आंघोळ केली. दुपारी मला फुंकणीचा आवाज ऐकू येत होता, मध्येच थांबे, पुन्हा येई. एकदा तो बराच वेळ थांबला. मी खिडकीतून पाहिलं. मामंजी चुलीपुढे गुडघ्यावर कपाळ टेकून बसले होते. किती थकले होते ते पाठीवरूनच दिसत होतं. मी कितीदा तशी बसले होते. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला न विचारताच आधी गोवरी घातली आणि लाकूड मागे ओढलं.

मी न्हाऊन पुन्हा चुलीपुढे बसले त्याच दुपारी बोळात गाडी उभी राहिली. वखारवाला गाडीवानाला ओरडून सांगत होता की लाकूड भिजू देऊ नको. मामंजी स्वतः गाडीबरोबर आले होते, डोक्यावर घोंगडं घेऊन. त्यांनी माणसांकडून सगळं लाकूड ओसरीच्या आतल्या बाजूला, कोरड्यात रचून घेतलं. धावडा होता, आणि थोडी बाभूळ. मग ह्यांना म्हणाले, "चिंच गोठ्यामागे टाका आणि वर पत्रा घाला. दोन वर्षं तिला हात लावायचा नाही." आणि आतल्या दाराकडे न बघता, पण आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने, "थोरलीने यापुढे चुलीशी बसायचं नाही."

त्या संध्याकाळी मी धावड्याची दोन लाकडं लावली. ती कधी पेटली ते कळलंही नाही. भांड्याखाली जाळ निवांत होता, चुलीच्या बाजूच्या वैलावरचं दूध आपलं आपण तापत होतं. मला करायला काही नव्हतं म्हणून मी नुसती बघत बसले. आणि मग मला रडू आलं. धूर नसताना डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा लपवायचं कसं ते सुचेना. जाऊबाई उंबऱ्यापाशी पाय पसरून बसल्या होत्या. त्यांना ते दिसलं नसावं, किंवा दिसलं असेल. त्यांनी फक्त विचारलं की भाजीला फोडणी देऊ का बसल्या बसल्या. मी नको म्हटलं.

यानंतर सगळं सोपं झालं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. धूर गेला, काम तिथेच राहिलं. आधी दोघींचं होतं ते आता माझ्या एकटीचं झालं. धावडा चांगला, पण तो फोडून आलेला नसे, आणि बाभळीचे काटे होतेच. यात्रेकरूंना ऋतू नसतो. माझी मुलं झाली ती त्याच धबडग्यात. जाऊबाईंचा पाय बरा झाला. उजवा डोळा गेला तो गेलाच, डावा राहिला. त्या निवडणं, दळणं, मुलांना सांभाळणं असं जमेल ते करत. पण भात उतरवणं, पंगतीच्या भाकऱ्या, बंब, सगळं माझ्याकडे आलं. मामंजींनी चिंचेचं पुन्हा नाव काढलं नाही. ती पुढे वाळली तेव्हा मात्र खणखणीत जळली, इतकी की तिच्या आचेने पितळी पातेल्याला भोक पडलं. मग ती आम्ही परसातल्या मोठ्या चुलाणावर, पाणी तापवायला वापरली.

एक दुपार सांगते आणि थांबते. पुढच्याच्या पुढच्या वर्षीची असावी. सकाळी मोठी पंगत झाली होती, मुलाला ताप होता आणि रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. भांडी घासून मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकले. संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागायला हवं होतं आणि उठवत नव्हतं. जाऊबाई चाचपडत आल्या, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "पड जरा. मी आहे."

मी म्हटलं, मामंजींनी तुम्हाला चुलीशी बसू नका म्हणून सांगितलंय. त्या म्हणाल्या, "मी बसत नाही. तू पड."

दिवसाढवळ्या सासरी मी पहिल्यांदा झोपले. तिथेच, जमिनीवर, पदर उशाला घेऊन. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. माझ्या अंगावर जाऊबाईंची चौघडी होती. चूल पेटलेलीच नव्हती आणि मूल त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. मी घाबरून उठले. ओसरीवर संध्येची पळीपंचपात्री वाजत होती. जेवणाला उशीर होणार हे उघड होतं.

मामंजी संध्या आटोपून आतल्या दाराशी आले आणि त्यांनी आज उशीर का झाला असं विचारलं. मी तोंड उघडण्याआधी जाऊबाई म्हणाल्या, "लाकूड ओलं निघालं, मामंजी. पेटायला वेळ लागला."

मामंजींनी चुलीकडे पाहिलं. चुलीशेजारी धावडा रचलेला होता. तो त्यांनी स्वतः हिवाळ्यात आणून वाळवून घेतला होता, आणि बाहेर चैत्राचं ऊन दिवसभर तापलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "होऊ दे सावकाश. आम्ही बसतो बाहेर."

ते गेले. मी निखाऱ्यावरची राख बाजूला केली आणि लाकूड लावलं. जाऊबाई मुलाला थोपटत राहिल्या. त्या संध्याकाळी नुसतं पिठलं-भात केला तरी कुणी तक्रार केली नाही.